संगमरवरातील पोप आठवा अर्बन

रांजणगाव, शिरूर व घोड आणि भीमा या दोन नद्यांमधील गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस दगड काही नवीन नाही. घरांची जोती, विहिरींचे बांधकाम, उखळ, पाटा व जाते ही सर्व एकाच काळ्या पाषाणाची. तो इतका कठीण की जात्यास टाकी लावताना ठिणग्या उडतात. इटली देशात कारारा या ठिकाणी ज्या खाणी आहेत, त्यांतून निघणारा संगमरवर याहून अगदी निराळा. तो पांढरा शुभ्र, बारीक कणाचा व पोलादी टाकीस पुष्कळ वश होणारा असतो. त्यास चांगली झिलई दिली म्हणजे उजेड वरच्यावर परत न फिरता किंचित आत शिरतो, आणि त्या योगे दगडास मनुष्याच्या कातडीसारखी कांती येते. म्हणूनच माणसाचा चेहरा दगडात उतरवू पाहणाऱ्या युरोपातील मूर्तिकारांनी शतकानुशतके हाच दगड पसंत केला.

अशा संगमरवराचा एक अर्धपुतळा इ.स. १६३२ च्या सुमारास रोम शहरी घडविण्यात आला. तो सांप्रत कॅनडा देशाची राजधानी ओटावा येथील राष्ट्रीय चित्रशाळेत आहे. त्याच मूर्तिकाराने त्याच पुरुषाचे आणखी अर्धपुतळे केले, व त्यांपैकी काही रोममध्येच आहेत. पुरुष वृद्धत्वाकडे झुकलेला आहे. दाढी आखूड व दाट, गालांवर उतारवयाची शिथिलता, आणि दृष्टी समोर नसून किंचित खाली व आत वळल्यासारखी. हा पोप आठवा अर्बन होय. आणि घडविणारा जियान लोरेन्झो बर्निनी.

पोपविषयी आमच्या मंडळ्यांतून जे बोलणे निघते ते बहुधा मार्टिन लूथरच्या चरित्राच्या ओघाने निघते, व तेथेच संपते. या पोपचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याचे कारण असे की आपल्या शेजारच्या गोमंतकातील एका एतद्देशीय ख्रिस्ती मनुष्याच्या नशिबाशी त्याचा निकट संबंध आला. आणि एकाच मनुष्याच्या हातून दार उघडणे व दार लावणे ही दोन्ही कशी घडतात, हे त्यात स्पष्ट दिसते.

त्याचे मूळचे नाव माफेओ बारबेरिनी. इ.स. १५६८ च्या एप्रिल महिन्यात फ्लॉरेन्स शहरातील एका सधन कुळात त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असतानाच पिता वारला. पुढे रोममध्ये पोपच्या दरबारी असलेल्या चुलत्याने त्याचा सांभाळ केला, येशूसंघीय गुरूंच्या विद्यालयात घातले, व मरतेसमयी आपली मिळकत त्याच्या हवाली केली. इ.स. १५८९ मध्ये पिसा येथे त्याने कायद्याची पदवी घेतली. इ.स. १६०४ साली तो पोपचा वकील म्हणून फ्रान्सच्या राजदरबारी गेला, आणि दोनच वर्षांनी कार्डिनल झाला. तो लॅटिन भाषेत कविता करी, व त्या चांगल्या असत असे त्या काळचे विद्वान मानीत. घराण्याच्या ढालीवर तीन मधमाशा होत्या. पूर्वी त्या जागी गुरांस चावणाऱ्या गोमाशा होत्या, व कुळाचा भाग्योदय झाल्यावर त्यांच्या मधमाशा झाल्या! असो. इ.स. १६२३ च्या उन्हाळ्यात नवीन पोप निवडण्यासाठी कार्डिनल एकत्र कोंडले गेले, तेव्हा रोमच्या हिवतापाने कित्येक आजारी पडले. त्या तापाच्या घाईत, ६ ऑगस्ट रोजी, पंचावन्न वर्षांचा माफेओ पोप झाला. त्याने अर्बन हे नाव धारण केले.

बर्निनीशी त्याचा स्नेह याच्या फार आधीचा. बर्निनी इ.स. १५९८ मध्ये नेपल्स येथे जन्मला. बापही मूर्तिकारच. मुलगा लहान असताना त्यास तत्कालीन पोप पाचवा पॉल याच्यापुढे नेण्यात आले, त्याने तेथल्या तेथे एक मस्तक रेखाटून दाखविले, आणि पोपने मुलाच्या शिक्षणावर लक्ष ठेवण्याचे काम कार्डिनल बारबेरिनी यास सांगितले, असे त्याचे चरित्रकार लिहितात. पुढे बर्निनी दाविदाची मूर्ती घडवीत होता. गोफण ताणलेल्या दाविदाचा चेहरा त्याने आरशात पाहून आपल्याच चेहऱ्यावरून घेतला, आणि तो आरसा कधीकधी स्वतः कार्डिनल हाती धरीत असे, अशीही कथा आहे. ती सर्वस्वी खरी असो वा नसो, दोघांतील सलगी त्यावरून कळते.

अर्धपुतळा करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पूर्ण मूर्तीस हात असतात, पाय असतात. ती चालते, उचलते, आशीर्वाद देते. अर्धपुतळ्यास छातीखाली काहीच नाही. शिवाय दगड पांढरा. ओळखीच्या माणसाने चेहऱ्यास पीठ फासले तर त्यास ओळखणे कठीण जाईल. मग ज्यात ओठांचा तांबूसपणा नाही, बुबुळांचा काळेपणा नाही, डोळ्यांखालची निळसर छाया नाही, अशा पांढऱ्या दगडात माणूस ओळखू कसा यावा? ही अडचण बर्निनीने स्वतःच इ.स. १६६५ मध्ये फ्रान्समध्ये असताना सांगितली होती. तीवर त्याचा उपाय असा की रंगाच्या जागी सावली आणावयाची. डोळ्यांभोवती प्रत्यक्षात आहे त्याहून अंमळ अधिक खोल कोरावयाचे, बुबुळाच्या ठिकाणी सामत्याने छिद्र पाडावयाचे, म्हणजे तेथे अंधार साचतो व तो काळ्या रंगाचे काम करितो. जे हुबेहूब नाही तेच पाहणारास हुबेहूब वाटते.

दुसरे असे की तो माणसास लाकडाप्रमाणे ताठ बसवीत नसे. त्यास हिंडू देई, बोलू देई, आणि आपण चटचट रेखाचित्रे काढी व मातीचे नमुने करी. निश्चल बसलेला मनुष्य आपल्यासारखा दिसत नाही, चालता बोलता असतानाच त्याची ओळख पटते, असे त्याचे मत होते. या पोपशी वर्षानुवर्षे सहवास असल्यामुळे त्याच्या हालचाली त्यास तोंडपाठ झाल्या होत्या. इ.स. १६३३ च्या जून महिन्यात लेलिओ गुइदिच्चिओनी नावाच्या एका पंडिताने अशा एका अर्धपुतळ्याविषयी बर्निनीस पत्र लिहिले. त्यात त्याने दाखवून दिले आहे की पुतळ्यास हात नसताही खांद्यावरील वस्त्राच्या चुण्यांवरून पोप उजवा हात हलवीत आहे असे कळते. आमच्या मते अर्धपुतळ्याची याहून मोठी वाखाणणी होऊ शकत नाही.

ते वर्ष व तो महिना वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच जूनच्या २२ तारखेस, त्याच रोम शहरात, सत्तरीस टेकलेला एक रोगी मनुष्य गुडघे टेकून आपले मत खोटे असल्याची शपथ घेत होता. तो गॅलिलिओ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे तो म्हणे. हा मनुष्य पोपचा शत्रू नव्हे, तर जुना स्नेही! कार्डिनल असताना अर्बनने त्याच्या स्तुतिपर लॅटिन कविता केली होती. गॅलिलिओने आपला एक ग्रंथ इ.स. १६२३ साली त्यास अर्पण केला होता. पुढल्या वर्षी पोपने त्यास सहा वेळा भेटीस बोलाविले होते. परंतु इ.स. १६३२ मध्ये गॅलिलिओचा नवा ग्रंथ निघाला, त्यात पोपचा आवडता युक्तिवाद संवादातील सर्वांत मंदबुद्धी पात्राच्या तोंडी घातलेला आढळला. तो युक्तिवाद असा की सर्वसमर्थ देव एकच परिणाम अनेक रीतींनी घडवू शकतो, म्हणून मनुष्याने सृष्टीचे रहस्य आपणास निश्चित कळले असे म्हणू नये. पोपचा राग अनावर झाला. जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालू होते, पोप पाखंड्यांविरुद्ध पुरेसा कडक नाही अशी स्पेनच्या पक्षाची ओरड होती, व त्या ओरडीनेही त्याचे मन कठोर केले. गॅलिलिओने उरलेले आयुष्य फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे घरकैदेत काढले, तेथेच तो आंधळा झाला, व तेथेच इ.स. १६४२ च्या जानेवारीत मरण पावला.

त्याच काळी आपल्या देशात काय चालले होते? ज्या सुमारास रोममध्ये या संगमरवरावर टाकी चालत होती, त्या १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत महाभयंकर दुष्काळ पडला होता. गावेच्या गावे ओस पडली. इ.स. १६३० मध्येच शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, इ.स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, व पुणे प्रांत आदिलशहाच्या अमलाखाली गेला. हा आदिलशहा आमच्या पुढील हकीगतीत येणार आहे.

गोव्याजवळ मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तेथील ब्राह्मण वंशाच्या ख्रिस्ती घराण्यात मातेउस दे कास्त्रो हा जन्मला. त्यास याजक व्हावयाचे होते. गोव्याच्या आर्चबिशपाने त्यास दीक्षा देण्याचे नाकारले. त्या काळी पूर्वेकडील देशांत बिशप नेमण्याचा हक्क पूर्वीच्या पोपांनी पोर्तुगालच्या राजास दिलेला होता. त्यास पाद्रोआदो म्हणत. त्यामुळे गोव्यात शेवटचा शब्द पोर्तुगीजांचा. मातेउसने मग जे केले ते आजही नवल वाटण्याजोगे आहे. तो खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि इ.स. १६२५ मध्ये थेट रोमला पोहोचला.

तेथे त्यास दार उघडे सापडले. इ.स. १६२२ मध्ये अर्बनच्या आधीचा पोप पंधरावा ग्रेगरी याने धर्मप्रसारासाठी कार्डिनलांचे एक स्वतंत्र मंडळ स्थापिले होते. राजांच्या हाती गेलेले मिशनकार्य पुन्हा रोमच्या हाती यावे, आणि ज्या त्या देशात त्या त्या देशाचेच याजक तयार व्हावेत, हा त्या मंडळाचा उद्देश. अर्बनने त्यास मोठे बळ दिले. निरनिराळ्या लिप्यांत पुस्तके छापणारा छापखाना इ.स. १६२६ मध्ये सुरू झाला, आणि इ.स. १६२७ मध्ये परदेशीय विद्यार्थ्यांस याजकपणाचे शिक्षण देण्यासाठी अर्बनने एक विद्यालय स्थापिले. ते त्याच्याच नावाने चालले, व आजही रोममध्ये त्याच नावाच्या विद्यापीठाच्या रूपाने चालू आहे. मातेउस रोममध्ये शिकला, इ.स. १६३० च्या सुमारास दीक्षित याजक झाला, व इ.स. १६३३ साली गोव्यास परतला. गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याचे कागदपत्र मानले नाहीत. मनुष्य पुन्हा रोमला गेला! या खेपेस, इ.स. १६३७ मध्ये, त्यास बिशपपदाची दीक्षा मिळाली, व आदिलशाही राज्यासाठी पोपचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. लॅटिन विधी पाळणाऱ्या मंडळीत बिशप झालेला हा पहिला हिंदी मनुष्य.

पोर्तुगीज हद्दीत त्यास थारा मिळेना, म्हणून तो हद्दीबाहेर, आदिलशहाच्या मुलखात डिचोली येथे राहिला. तेथे त्याने एतद्देशीय तरुणांस शिकविले व दीक्षा दिली. ती दीक्षा खरी नव्हे असे गोव्याकडून म्हणण्यात आले. आम्हास येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की मातेउस हा काही शांत स्वभावाचा संत नव्हता. तो भांडखोर होता, दरबारी राजकारणात शिरला, आणि इ.स. १६५४ मध्ये विजापूरच्या फौजा गोव्यावर आल्या तेव्हा त्याच्या चिथावणीने आल्या असा आरोप पोर्तुगीजांनी त्याच्यावर ठेविला. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. इ.स. १६५३ मध्ये त्याने पोर्तुगीजांच्या अन्यायाविरुद्ध जे लांबलचक पत्र लिहिले, ते गोव्यातील ब्राह्मणांस उद्देशून होते. ज्या पंक्तीतून गोऱ्यांनी त्यास उठविले, त्या पंक्तीत खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्ती लोकांस बसविण्याची चिंता त्याने वाहिलेली दिसत नाही. तथापि दिवाडीच्या एका मनुष्याने आपल्या लोकांच्या योग्यतेसाठी पुन्हा पुन्हा रोम गाठावे, याचे मोल कमी होत नाही. शेवटी तो रोममध्येच राहिला व पुष्कळ वृद्ध होऊन तेथेच मरण पावला.

अर्बनच्या पदरी दुसरेही एक चांगले कृत्य आहे. इ.स. १६३९ मध्ये त्याने आज्ञापत्र काढून दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांस गुलाम करणारांस मंडळीबाहेर घालण्याची शिक्षा सांगितली.

आता दुसरी बाजू. पोप होताच त्याने आपल्या भावास व दोन पुतण्यांस कार्डिनल केले, व तिसऱ्या पुतण्यास राजपुत्राच्या पदास चढविले. अपार संपत्ती त्या घरात वाहू लागली. संत पेत्राच्या मंदिरात वेदीवर जे प्रचंड कांशाचे छत्र बर्निनीने उभारले, त्याच्या खांबांवर मधमाशा; राजवाड्याच्या छतावर मधमाशा; रोममध्ये जिकडे पहावे तिकडे मधमाशा. प्राचीन रोमी लोकांनी बांधलेल्या पँथेऑन नामक इमारतीच्या ओसरीतील कांशाच्या तुळया काढवून त्याने त्यांच्या बहुतेक तोफा ओतविल्या. जे रानटी टोळ्यांनी केले नव्हते ते बारबेरिनींनी केले, अशा अर्थाचे शब्दश्लेष रोमच्या चव्हाट्यांवर लागले. पोपच्या राज्याचे कर्ज त्याच्या कारकिर्दीत दुपटीहून अधिक झाले. अखेरीस इ.स. १६४१ मध्ये पार्माच्या ड्यूकाशी कास्त्रो नावाच्या एका गावावरून त्याने युद्ध आरंभिले. (मातेउसच्या आडनावाशी या गावाचा काही संबंध नाही.) ते युद्ध तीन वर्षे चालून मानहानीत संपले, व त्याचा खर्च गरिबांच्या रोजच्या जिनसांवर कर बसवून काढण्यात आला. लोक त्यास जकातींचा पोप म्हणू लागले.

इ.स. १६४४ च्या २९ जुलै रोजी, शहात्तर वर्षांचा होऊन, तो मेला. रोममध्ये शोक कमी व आनंद फार झाला. येथे त्याच्या दगडी रूपाची गोष्ट पुन्हा येते. पूर्वी एका पोपच्या मरणानंतर जमाव त्याचा पुतळा पाडावयास धावला होता, म्हणून पुढे कोणाही पोपचा पुतळा त्याच्या हयातीत उभारू नये असा ठराव शहराच्या सभेने करून ठेविला होता. तो ठराव अर्बनसाठी रद्द करण्यात आला होता, व कॅपिटोल टेकडीवरील सभागृहात बर्निनीच्या हातचा त्याचा भव्य संगमरवरी पुतळा बसविण्यात आला होता. आता लोक तोच फोडावयास निघाले. पहाऱ्यामुळे तो वाचला. परंतु येशूसंघीयांच्या विद्यालयात त्याचा एक चुन्याचा पुतळा होता, त्याचे तुकडे तुकडे झाले. पुतणे लौकरच फ्रान्समध्ये पळाले.

त्याची कबर मात्र उभी राहिली. ती त्याने आपल्या हयातीतच, पोप झाल्यावर चार-पाच वर्षांत, बर्निनीस सांगितली होती, व ती इ.स. १६४७ मध्ये पुरी झाली. वर कांशाचा पोप हात उचलून बसला आहे. खाली प्रीती व न्याय यांच्या संगमरवरी मूर्ती आहेत. मध्ये एक कांशाचा सांगाडा पुस्तकात त्याचे नाव लिहीत आहे. दगडावर इतस्ततः तीन मधमाशा बसल्या आहेत, जणू पोळे मोडल्यावर वाट चुकलेल्या.

गॅलिलिओ मेला तेव्हा फ्लॉरेन्सचा अधिपती त्याच्यासाठी संगमरवरी कबर बांधू इच्छीत होता. अर्बनने ती होऊ दिली नाही. गॅलिलिओचे प्रेत चर्चच्या बाजूच्या एका लहानशा खोलीत पुरण्यात आले, व जवळजवळ शंभर वर्षे तेथेच राहिले. इ.स. १७३७ मध्ये ते सन्मानाने मुख्य मंदिरात आणून त्यावर कबर बांधण्यात आली. तीवर गॅलिलिओचा जो संगमरवरी अर्धपुतळा आहे, तो जोव्हान्नी बत्तिस्ता फोज्जिनी नावाच्या फ्लॉरेन्सच्या मूर्तिकाराने पूर्वीच घडवून ठेविलेला होता.

या फोज्जिनीचे काम पाहण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस मंदिरात फ्रान्सिस झेवियर याच्या अवशेषांखाली जी रंगीत संगमरवराची चौथऱ्यासारखी कबर आहे, ती त्यानेच केली. फ्लॉरेन्सचा अधिपती तिसरा कोसिमो याने ती देणगी म्हणून पाठविली, व इ.स. १६९८ मध्ये ती तेथे जोडून उभी करण्यात आली. तिच्या चार बाजूंस कांशाचे पत्रे असून त्यांवर झेवियरच्या आयुष्यातील प्रसंग उठविलेले आहेत. झेवियरला संतपद दिल्याचे आज्ञापत्र इ.स. १६२३ मध्ये ज्या पोपच्या नावाने निघाले, तो आठवा अर्बनच होता. कबरीच्या वर जी रुप्याची पेटी दिसते, ती मात्र इटलीची नव्हे. ती इ.स. १६३६ व १६३७ या वर्षांत, म्हणजे मातेउस रोममध्ये बिशपपदाची दीक्षा घेत होता त्याच सुमारास, गोव्याच्याच सोनारांनी घडविली.